कठड्याची कबुली

गादीवाल्यांच्या कारखान्यात आजवर माणसं पुष्कळ पडली होती, पण लागलं कुणालाच नव्हतं. पोटमाळ्यावर शिवलेल्या गाद्या खाली आणायच्या तर जिन्याचा कठडा आडवा येई. म्हणून कधीकाळी कुणीतरी तो कापून टाकला, आणि गाद्या वरून सरळ खाली ढकलायची पद्धत पडली. खाली ढीग कायम असे. ज्याचा पाय घसरे तो ढिगावर पडे, अंग झाडून उठे आणि पुन्हा कामाला लागे. काहीजण उठायला जरा उशीरच करत.

मग धंदा वाढला. एके सकाळी एका वसतिगृहानं झाडून सगळा माल उचलला, आणि नेमक्या त्याच दुपारी शिलाईवाले काका घसरले. खाली नुसती फरशी. उजवा हात मोडला.

गादीवाले हादरले. धंद्यात मुरलेले असले तरी मनानं ते आपल्या मालासारखेच होते. काकांना दवाखान्यात नेलं, पगार चालू ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी वेल्डरकडून नवा कठडा करून घेतला. त्याला बिजागऱ्या होत्या. गाद्या उतरवताना उघडायचा, एरवी बंद. वर हिरवा रंग. तो वाळेपर्यंत कठडा भिंतीला टेकवून ठेवला, तेवढ्यात कारखाने तपासणाऱ्या इन्स्पेक्टर बाई आल्या, जिना मापला आणि सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल खटला भरला.

"चूक आपलीच आहे. दंड भरतो आणि मोकळा होतो," गादीवाले घरी म्हणाले.

"अहो, माझा सख्खा भाऊ वकील आहे आणि तुम्ही दंड भरणार? लोक काय म्हणतील?" बायको म्हणाली. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

मेव्हणा आला तोच बाह्या सरसावत. "भाऊजी, कठडा बसवलात का?"

"संध्याकाळी बसवतोय."

"हात लावायचा नाही! आता बसवलात म्हणजे आधी तो हवा होता हे कबूलच केल्यासारखं. केस संपेपर्यंत जिना आहे तसा राहू दे."

"आणि आणखी कुणी पडलं तर?"

"त्याची वेगळी केस. ती वेगळी लढू."

"अरे, पण काका खरोखर पडले रे."

"काका पडले की नाही, हा मुद्दाच नाही," मेव्हणा मायेनं म्हणाला. "खटला उभा कसा राहिला, हा मुद्दा आहे."

आणि खरंच, पहिल्याच तारखेला त्यानं दाखवून दिलं की तक्रारीवर बाईंच्या मदतनिसाची सही आहे आणि मदतनिसाला तसा अधिकारच नाही. खटला उडाला. बाईंनी स्वतःच्या सहीनं नवा भरला. तेव्हा त्यानं दाखवलं की वरिष्ठांची मंजुरी तक्रारीनंतरची आहे. "आधी जेवण आणि मग स्वयंपाक, असं हे झालं!" तो कोर्टात गरजला. तोही खटला उडाला.

इकडे काका प्लास्टर काढून कामावर आले. भिंतीशी टेकलेला कठडा पाहून खूश झाले.

"तयार दिसतोय की, मालक."

"आहे ना."

"मग बसवायचा कधी?"

"त्याचं काम कोर्टात आहे, काका."

काकांनी एकदा कठड्याकडे पाहिलं, एकदा मालकांकडे, आणि भिंतीला हात लावत एकेक पायरी चढू लागले. गादीवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून काका जिना चढायला लागले की ते हातातलं काम टाकून धावत येत आणि खाली दोन्ही हात पसरून उभे राहत. एकदा त्यांनी पायथ्याशी एक गादी कायमची टाकून ठेवली. दुपारी ती गिऱ्हाइकाला आवडली.

अखेर एके दिवशी मेव्हणा कारखान्यात आला तो छाती फुगवूनच. "संपलं, भाऊजी! नवा खटला भरायची मुदतच गेली. आता जिन्याबद्दल तुम्हाला कुणी ब्र काढू शकत नाही!"

"मग कठडा बसवू?"

"उद्या बसवा. आज आनंद साजरा करू."

बायकोनं कारखान्यातच चहापाण्याचा बेत केला. खुर्च्या मांडायला जागा हवी, म्हणून सगळ्या गाद्या मागच्या खोलीत हलवल्या. सगळ्यांना दिसावं म्हणून मेव्हणा भाषणाला जिन्यावर चढला.

"खालीच बोल ना रे," गादीवाले काकुळतीनं म्हणाले.

"भाऊजी, जिंकलेला माणूस वरूनच बोलतो! तर मंडळी, ज्या खटल्याची सुरुवातच चुकली..." असं म्हणत त्यानं कोपर ऐटीत टेकवलं. जिथं टेकवलं, तिथं कठडा असायला हवा होता.

पाय दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन करावं लागलं.

अपघात नवा, त्यामुळे मुदतही नवी. इन्स्पेक्टर बाई जबाब घ्यायला दवाखान्यात आल्या, तेव्हा गादीवाले खाटेशी सफरचंद सोलत बसले होते.

"इतका बेजबाबदार जिना मी जन्मात पाहिला नाही!" मेव्हण्यानं कळ सोसत जबाब दिला. मग सवयीनं हात पुढे केला. "तक्रार बघू. वरिष्ठांची मंजुरी कुठंय?"

"ती नंतर घेऊ," बाई म्हणाल्या.

"नंतर? मॅडम, पहिल्याच तारखेला उडेल! आधी मंजुरी आणा."

बाई मंजुरी घेऊन आल्या. मग त्यानं कारखान्याचं नाव पूर्ण लिहायला लावलं. मग अपघाताची जागा नीट लिहून घेतली. पाय टांगलेला, पण डोळ्यांत काय तेज! शेवटी त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि समाधानानं मान डोलावली.

"आता कुणी माईचा लाल हा खटला उडवून दाखवू दे!"

बाईंनी मनापासून आभार मानले आणि त्या गेल्या. मेव्हणा हसतच वळला आणि त्याला भाऊजी दिसले. हसू हळूहळू मावळलं.

"भाऊजी... आता तुमचा बचाव कसा करायचा?"

"नकोच करूस. तू तर त्यांचा साक्षीदार. मी गुन्हा कबूल करणार आहे." गादीवाल्यांना किती दिवसांनी मोकळा श्वास घेतल्यासारखं वाटत होतं.

"कबूल?" मेव्हणा उठायला गेला आणि कळवळून आडवा झाला. "आणि कठडा? त्याला हात नाही ना लावलात?"

"बसवला. तू पडलास त्याच संध्याकाळी. एका बाजूनं मी धरला, दुसऱ्या बाजूनं काकांनी. आता काका धावत जिना चढतात."

"मला न विचारता?"

गादीवाल्यांनी सफरचंदाची फोड त्याच्या हातावर ठेवली.

"तुला भूल दिली होती ना रे. तेवढीच संधी होती."