राठोड गुरुजींचा नकाशा

राठोड गुरुजी कोरड्या ठणठणीत वावरातून धोतर गुडघ्यापर्यंत खोचून चालायचे. पाणी नाही, चिखल नाही, नुसती कपाशीची पऱ्हाटी उभी. पहिल्यांदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तळ्यातून चाललो न आपण." त्यांच्या नकाशात तिथे तळं होतं. ते बुजून दोन पिढ्या झाल्या, त्याला गुरुजी काय करणार?

नकाशा इंग्रजांच्या मोजणीवाल्यांनी केलेला. पुसदच्या बाजारात तो रद्दी म्हणून गुळाभोवती गुंडाळला जाणार, तेवढ्यात गुरुजींनी वाचवला. टेकड्या, नाले, विहिरी, ओसाड गावठाणं, सगळं त्यात. आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. गुरुजी मात्र नकाशातच राहिले. आम्ही एकाच शाळेत शिकवायचो, म्हणून दर रविवारी त्यांच्यामागे पायपीट माझ्या नशिबी आली.

"नकाशात हाय म्हंजे हाय," हे त्यांचं पालुपद. एकदा एका पाटलाच्या नव्या गोठ्यात शिरून म्हणाले, "पाटील, तुमच्या म्हशी रस्त्यात बांधल्या हायेत."

"कोनाच्या रस्त्यात?"

"माह्या आज्याच्या."

पाटलानं आमच्याकडे पाहिलं, म्हशींकडे पाहिलं आणि आत चहा सांगितला. येड्यांना चहा पाजून वाटेला लावावं, असा त्याचा विचार असावा. गुरुजींनी दोन कप घेतले.

आज्याचा रस्ता ही थट्टा नव्हती. गुरुजींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. अशाच एका फेरीत, पडावावर, त्यांच्या आईचे वडील तापानं गेले. आई तेव्हा लहान पोर. सकाळी तांडा पुढे निघाला, मागे कोण थांबणार? आता ती ऐंशीला टेकली होती आणि तिचं एकच मागणं होतं, बापाच्या जागी एकदा दिवा लावायचा. खूण काय, तर विहीर आणि मागे टेकडी. अशा विहिरी आमच्याकडे पैशाला पासरी. गुरुजी एकेक तपासत होते आणि इकडे म्हातारीला चालणं जड होत चाललं होतं.

शेवटी जुन्या वाटेला लागून नेमकी तशी विहीर नकाशात सापडली. जमिनीवरही ती होती, अर्धी बुजलेली, पण होती. गुरुजी शाळेच्या व्हरांड्यात अक्षरशः नाचले. पुढच्याच रविवारी म्हातारीला दमणीत बसवून आम्ही बैल हाकले.

विहिरीपाशी दमणी थांबली. म्हातारी उतरली आणि विहिरीकडे ढुंकूनही न पाहता नाला ओलांडून पार पलीकडे एका बाभळीखाली जाऊन बसली.

"याडी!" गुरुजींनी आईला हाक मारली. तिनं नुसता जमिनीवर हात थापटला.

मी नकाशा पाहिला. बाभळीच्या जागी नुसता खडक दाखवला होता. "गुरुजी, नकाशात तर विहीर अलीकडे..."

"नकाशावाल्याचा बाप मेलता काय इथं?" गुरुजी म्हणाले आणि त्यांनी नकाशाची घडी घातली.

दिवा लागला. म्हातारी दिव्याशी त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलत राहिली, मधूनच रागावून. मला एक अक्षर कळेना.

"काय म्हणतात?" मी हळूच विचारलं.

गुरुजी डोळे पुसत होते. "बापापाशी माही चुगली करून राह्यली. म्हणते, तुहा नातू एक रविवार घरी बसत नाही."