बुडबुडा आला की बोलू

गजाननरावांना पाहुणचाराचं पाणी दिलं की ते पीत नसत. खिशातल्या बाटलीत ओतून घेत. यजमानानं विचारलंच, तर "बुडबुडा आला की बोलू," असं म्हणून खुशाल चहा मागत.

हे आमचे इंदापूरचे शेजारी. सरकारी दवाखान्यात पाणी, लघवी तपासायचे. काचेच्या नळीत साखरेचं पाणी, त्यात नमुना, आत एक इवली नळी पालथी. जंतू असला की तिच्यात वायूचा बुडबुडा धरतो. मग तो जंतू माणसाच्या पोटातला की मातीतला, याचा निवाडा. मातीतल्याचं नाव एरोबॅक्टर, आणि गजाननराव त्याचे वकील. "गरीब आहे हो. उगाच पोटातल्याच्या पंगतीला बसवतात त्याला!"

बारामतीला एका लग्नात त्यांनी भर पंगतीत मठ्ठा बाटलीत भरला. वरबाप उखडले, "आमच्या मठ्ठ्यात खोट काढता?"

"अजून कुठं? परवा कळवतो."

तेव्हापासून त्यांना आमंत्रणं तोंडदेखलीच येत.

त्या साली पुण्याला ऑपरेशन करून आईला घरी आणलं, लघवीची रबरी नळी तशीच होती. आठवड्यात तापानं फणफणली, मला ओळखेना. गजाननरावांनी लघवी तपासली आणि पडल्या चेहऱ्यानं आले.

"एरोबॅक्टर आहे."

"म्हणजे तुमचा गरीबच ना?" मी चिडलो.

"धडधाकटाला गरीब. दुबळ्या शरीरात नळीवाटे शिरला की जिवावर उठतो."

त्यांनी डॉक्टरांना गाठलं, औषध बदलून घेतलं. वहिनी नळीला जोडलेला बाहेरचा रबरी तुकडा विहिरीच्या पाण्यानं धुते हे कळताच तिला चुलीपुढून उठवलं आणि दिसेल त्या पातेल्यात तो उकळत बसले. ताप उतरला तशी आई पहिलं वाक्य बोलली, "माझं दुधाचं पातेलं बाटवलं की ह्या बाबानं!"

नळी निघाली, तरी गजाननराव रोज संध्याकाळी येऊन आईच्या खाटेशी बसत. एकदा मी टोमणा मारला, "आता काय तपासायचं राहिलंय?"

ते जमिनीकडं बघत म्हणाले, "माझ्या बायकोलाही, कुसुमला, शेवटी अशीच नळी होती. तेव्हा मला यातलं काही येत नव्हतं."

आई म्हणाली, "घरी कोन हाय आता?"

"कुणी नाही."

"मग हितंच जेवा की, भाऊ."

वहिनीनं ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पण घास बराच वेळ हातातच राहिला.