तांबे टाइमकीपर यांचा मोकळा चौकोन

शुक्रवार हा बहरीनमध्ये सुटीचा दिवस आहे. अशा दिवशी सकाळी एखादा पोक्त गृहस्थ डोक्यावर पिवळे हेल्मेट, अंगात चमकत्या पट्ट्यांचे जाकीट आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ चढवून इमारतीच्या पार्किंगमध्ये शिट्टी फुंकत असेल, तर इतर रहिवाशांच्या झोपेच्या हक्काचा तो उघड भंग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मत मी इंग्रजीत टंकलिखित करून इमारतीच्या रखवालदाराकडे दिले. त्याने ते लिफ्टमध्ये चिकटवले. वर्गाचा दिवस, वेळ आणि ठिकाण तक्रारीत मी अचूक नमूद केलेले असल्यामुळे पुढच्या शुक्रवारी पोरांची संख्या वाढली.

या गृहस्थांचे नाव तांबे. मूळ राहणार चिपळूणजवळचे. सध्या सित्रा बेटावरील एका ठेकेदार कंपनीत टाइमकीपर. कोणता माणूस कोणत्या पाळीला, कोणत्या बसने आला आणि गेला, याची नोंद ठेवणे हे त्यांचे काम. आमच्या इमारतीतील बहुतेक मराठी बिऱ्हाडे त्याच कंपनीतली आहेत. माझा मुलगा मंदार तिथेच तंत्रज्ञ आहे, आणि रत्नागिरीच्या न्यायालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडे राहावयास आलो आहे.

तांबे हे इमारतीतील प्राथमिक शाळेच्या मुलांना वेळेचे नियोजन शिकवतात. कोणी सांगितलेले नाही, कोणी नेमलेले नाही. हे कोणत्या अधिकारात, असे मी त्यांना पहिल्याच भेटीत विचारले. ते म्हणाले, "अण्णा, पोरांना वेळ कळत नाही आणि मला दुसरं काही कळत नाही. जमतंय."

शिकवण्याची पद्धत संपूर्णपणे कारखान्याची. शिट्टी झाली की पोरे रांगेत उभी राहतात आणि पाळीआधीची सूचना-बैठक सुरू होते.

"यल्ला, चला, टूलबॉक्स टॉक! आज काय काम?"

"होमवर्क!"

"वेळ किती?"

"फाइव्ह मिनिट्स, अंकल!"

"प्रत्येक काम पाच मिनिटांचं कसं रे तुमचं? दाखवा बघू मला तुमची पाच मिनिटं. डोळे मिटा. झाली की हात वर."

एका पोराचा हात डोळे मिटण्याआधीच वर गेला. माझी नात इरा, वय वर्षे सात, डोळे मिटून बसली ती बसलीच. बाकीची मुले पाणी पिऊन आली, तरी तिची पाच मिनिटे चालू होती. तांब्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "बघितलंस? एवढी मोठी असतात ती. आणि तू म्हणतेस पुरत नाहीत."

याचे परिणाम घराघरांत पसरले. माझी सून प्राजक्ता संध्याकाळी कामावरून आली की इरा दारातच ताठ उभी राहते. "आई, हँडओव्हर. टिफिन वॉश्ड. मॅथ्स डन. मिल्क पेंडिंग." एकदा तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आजोबाज टॅब्लेट पेंडिंग. आय रिमाइंडेड हिम." सात वर्षांच्या मुलीने माझ्याविरुद्ध, माझ्या समक्ष, माझे म्हणणे ऐकून न घेता अहवाल सादर करावा, यात नैसर्गिक न्यायाचे कोणते तत्त्व पाळले गेले, हे मला कोणी समजावून सांगेल काय?

परंतु माझी मुख्य तक्रार ती नव्हे. मुख्य तक्रार आहे मफी.

तांबे प्रत्येक मुलाला आठवड्याचा तक्ता करायला लावतात. शाळा, अभ्यास, जेवण, खेळ, झोप, असे रंगीत चौकोन. त्यात रोज एक चौकोन पांढरा, आणि त्यावर एकच शब्द: मफी. अरबीत याचा अर्थ 'काही नाही'. त्या वेळात मुलाने अभ्यास करायचा नाही, मोबाइल पाहायचा नाही, शिकवणीला जायचे नाही. पायऱ्यांवर किंवा दारापाशी नुसते असायचे. बरे, हा चौकोन एका जागी राहील तर शपथ! एका आठवड्यात तो दुपारी, दुसऱ्या आठवड्यात संध्याकाळी, आणि मधूनच फोनवर संदेश येणार, "इराची मफी आज अर्धा तास पुढे." कारण दिलेले नाही. ज्या नियमाला कारण नाही आणि जागा नाही, त्याला नियम कसे म्हणावे?

शिवाय तो चौकोन माझ्या हद्दीत येत होता. दुपारी शाळेतून आल्यावर इराला मराठी लिहायला शिकवायचे, हे मी आल्या दिवसापासून ठरवले होते. मुलीला मराठी समजते, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. मी गेल्यावर माझी पत्रे घरात कोणाला वाचता येणार नाहीत, ही भीती मला वाटते, आणि माझ्या वयात अशा भीतीला पुढची तारीख देता येत नाही. सबब मी तांब्यांना रीतसर नोटीस दिली: सदरहू वेळेवर माझी पूर्वीची वहिवाट असून आपण त्यावर विनाकारण अतिक्रमण केले आहे, तरी चौकोन तात्काळ खाली करून द्यावा.

तांबे नोटीस घेऊन स्वतःच वर आले. "अण्णा, मराठी काय झकास लिहिता हो! मी दोनदा वाचली."

"उत्तर काय?"

"अभ्यासाचा घ्या, खेळाचा घ्या, हवा तर माझ्या वर्गाचा घ्या. मफी नाय मिळायची."

"कारण?"

"कारण मफी," असे म्हणून ते हसले आणि प्राजक्ताने केलेला चहा पिऊन गेले. मी पेटलो. इमारतीच्या मालकांकडे दाद मागायची, पार्किंगमधील वर्ग बंद करवून घ्यायचा, असे मी ठरवले. त्यासाठी पुरावा हवा होता. मोकळ्या वेळात मुले बिनदेखरेखीची रस्त्याकडेला बसतात, हे डोळ्यांनी पाहून लिहिणे आवश्यक होते.

म्हणून एका दुपारी मी फाटकाशी जाऊन उभा राहिलो. ऊन असे, की लेखणीतली शाई आटावी. इरा सावलीतल्या पायरीवर बसून एका पायाची चप्पल दुसऱ्या पायात घालण्याचा उद्योग करत होती. समोर कोल्ड स्टोअर, म्हणजे इथले कोपऱ्यावरचे किराणा दुकान. त्याच्या बाकावर तांबे बसलेले. मी ही उपस्थितीदेखील मनात नोंदवली.

तेवढ्यात कंपनीची बस आली. माणसे उतरली, त्यांत मंदार होता. रोज तो घरात येतो, आंघोळ करतो, जेवतो आणि झोपतो. त्याला बसमधून उतरताना मी कधी पाहिलेले नव्हते. तो धुळीने भरलेला, मान खाली घालून चालत आला आणि पायरीवर पोरगी दिसताच थांबला. पिशवी खाली टाकून तिच्याशेजारी बसला. इराने एक चप्पल त्याच्या हातात दिली. "बाबा, ही उलटी घालून दाखव." आणि, वाचकहो, ती हे मराठीत म्हणाली.

मी रस्ता ओलांडून बाकापाशी गेलो.

"तांबे, या चौकोनाला कारण आहे. आपण ते दडवलेत."

"दडवलं नाय हो."

"बसच्या वेळा आपल्या हातात. ज्याचा बाप ज्या पाळीला, त्याची मफी त्या वेळेला. बरोबर?"

त्यांनी बाकावर सरकून मला जागा केली.

"मग आई-बापांना सांगत का नाही? मुलांना सांगत का नाही?"

"सांगितलं की पोरं वाट बघतात," तांबे म्हणाले. "सित्र्याच्या पुलावर बस अडकली, बापाला ओव्हरटाइमला ठेवला, की मग रडतात. न सांगता मोकळी ठेवली की नुसती खेळतात. बाप आला तर आला."

"हे आपणास कसे कळले?"

त्यांनी उजव्या हातावरचे घड्याळ पुसले. त्यात भारतातील वेळ असते, हे मला तेव्हा प्रथम दिसले. "माझी सायली लहान होती ना, तेव्हा मी येणार म्हणून कळवायचो. ती नवा फ्रॉक घालून ओटीवर बसायची. लीव्ह कॅन्सल झाली की बायको सांगायची, फ्रॉक काढत नाय म्हणून. मग एकदा गेलो, तर ती बसली नव्हती. अभ्यास करत होती. म्हणाली, बाबा, हे पान झालं की येते."

"आता कुठे असते?"

"पुण्याला. मोठी ऑफिसर आहे. वेळ फार छान पाळते हो. म्हणाली, बाबा, फोन करायच्या आधी मेसेज टाकत जा." ते हसले. "टाकत नाय मी. तिचं ऑफिस सुटायच्या सुमाराला इथं येऊन बसतो. तिला वाटलं तर तीच करेल. तोवर आपली मफी."

"आणि नाही केला तर?"

"तर बसायचं. खलास."

नोटीस मी मागे घेतलेली नाही. असे कागद मागे घेण्याची माझी पद्धत नाही. सुनावणी तूर्त तहकूब आहे, एवढेच. इराची मराठी मी सकाळी न्याहारीच्या वेळी घेतो, त्यात तांब्यांच्या संमतीने एक पिवळा चौकोन रंगवला आहे. शिट्टीबाबतची माझी हरकत कायम आहे, आणि ती तोंडी नोंदवण्यासाठी मी हल्ली रोज त्या बाकावर जातो. तांबे ऐकून घेतात. फोन मांडीवर पालथा ठेवलेला असतो.

काल मी ध्वनिप्रदूषणाच्या मुद्द्यावर आलो होतो. भर न्यायालयातही माझे वाक्य कधी कोणी तोडू शकले नाही. तेवढ्यात फोन वाजला. तांब्यांनी तो उलटा केला, नाव पाहिले आणि घेण्याऐवजी माझ्याकडे पाहत राहिले. जणू परवानगी हवी होती.

"घ्या की!" मी ओरडलो.

मी वाक्य तिथेच सोडून दुकानात शिरलो. फ्रिजमधून नको असलेली लबनची, म्हणजे ताकाची, बाटली काढली आणि दाराकडे पाठ करून तिच्यावरचा सगळा मजकूर सावकाश वाचून काढला. एका बाजूला अरबी होते. अरबी मला येत नाही. तीही बाजू मी पूर्ण वाचली.