आत वाफ आहे, उघडू नये

दराडे नाना कुकर गॅसवरून उतरवला की त्याच्या दांड्याला एक लाल पाटी अडकवतात. पाटी पत्र्याची, कारखान्यातली. तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, ‘आत वाफ आहे. उघडू नये.’ नाना एकटेच राहतात.

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले आणि कॉलनीत त्यांच्या शेजारची खोली मिळाली. पहिल्याच सकाळी गीझर लावला, तर दारावर थाप.

“ताई, परमिट हाय का?”

मला वाटलं, कॉलनीचा काही नियम असेल. घाबरून मी ‘सॉरी’ म्हणाले.

“सॉरीनं वाफ थांबत न्हाई,” असं म्हणत त्यांनी गीझरचा व्हॉल्व्ह तपासला, आणि चहाही न घेता गेले. कारखान्यात धोक्याच्या कामाआधी लेखी परवानगी, म्हणजे परमिट, लागतं हे मला नंतर कळलं.

नाना मूळचे पाथर्डीकडचे, कारखान्यातले हाय-प्रेशर वेल्डर. बॉयलरच्या वाफेचा पाइप कुणीही जोडलेला चालत नाही. त्यासाठी बॉयलर इन्स्पेक्टरसमोर परीक्षा द्यावी लागते, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा द्यावी लागते. पास झालेल्याला स्वतःचा नंबर मिळतो. जोड मारला की शेजारी तो नंबर पोलादावर ठोकायचा. “आपन गप बसलो तरी नंबर बोलतो,” असं नाना म्हणायचे.

एवढं धोक्याचं काम करणारा हा माणूस कारखान्यात सगळ्यांत भित्रा. बॉयलर हाऊसमधून जाताना ते हातातला खराटा पुढे धरून चालत. बारीक भोकातून निसटणारी वाफ डोळ्यांना दिसत नाही, पण हात कापून नेते. त्यापेक्षा खराट्याच्या काड्या तुटलेल्या बऱ्या. “नाना लक्ष्मी घेऊन निघाले!” असं ओरडून पोरं हसायची. नाना थांबायचे नाहीत.

मी हसले नाही, कारण मलाही भीती वाटायची. लॅबकडे जाणाऱ्या वाटेवर डोक्यावरून मोठा पाइप जातो. हंगामात तो सतत घुमत असतो. त्याच्याखालून मी श्वास रोखून पळत सुटायचे. कुणाला दिसत नाही, असा माझा समज होता.

एकदा मागून आवाज आला, “ताई, पळू नका. ते जोड माझे हायेत.”

त्या दिवसापासून मी चालत जायला लागले.

त्यांच्या ओट्यावर चहा मिळायचा तो नेहमी अर्धा ग्लास. “भरल्या गिलासाला येगळं परमिट लागतं,” हे वर. स्वतःचा अर्धा ग्लासही नाना दोन्ही हातांनी धरायचे. मी ते पाहिलं होतं. पण विचारणं माझ्या स्वभावात नाही.

यंदा हंगामाच्या तोंडावर त्यांच्या सर्टिफिकेटची मुदत संपली. नेमका लॅबच्या वाटेवरचा पाइप एका जागी बदलायचा होता. अर्ज इंग्रजीत, म्हणून तो भरायला मी ओट्यावर बसले होते. तेवढ्यात फोरमन आले.

“नाना, तुमी फक्त पास व्हा. या वयात वर चढायचं न्हाई. जोड ठेकेदाराचा माणूस मारंल, नंबर तुमचा ठोकू.”

“त्याच्याकडं परमिट हाय का?”

“तुमच्याकडं हाय ना!” फोरमन खळखळून हसले.

नाना हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी थंड, रिकाम्या पाइपाखालूनही मी पळत गेले.

परीक्षेला त्यांनी मला सोबत नेलं. “सायबानी इंग्लिशमधी काय इचारलं तर?” वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसून, कोपर बरगडीला घट्ट दाबून त्यांनी पाइपाचे दोन तुकडे जोडले. इन्स्पेक्टर साहेबांनी टॉर्च मारून सगळीकडून पाहिलं आणि मान डोलावली. “नाना, हात अजून तयार आहे तुमचा.”

फोरमननी लगेच चहा मागवला. काठोकाठ भरलेले कप आले. नानांनी कपाकडे पाहिलं. मग एकाच हाताने बशी उचलली आणि साहेबांपुढे धरली. कप वाजायला लागला. चहा बशीत, बशीतून बोटांवर सांडला. कप वाजतच होता.

“सायेब, बसून, कोपर टेकवून जमलं. वर पाइपावर कोपर कुठं टेकवू? मला नापास करा.”

“नाना, येडेपना करू नका!” फोरमन कळवळले.

“मी पास झालो तर माझा नंबर दुसऱ्याच्या जोडावर बसंल. त्या पाइपाखालनं मान्सं जात्यात.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

साहेबांनी नापास केलं. बाहेरून सर्टिफिकेटवाला वेल्डर बोलवावा लागला, हंगाम उशिरा लागला, आणि त्याचं खापर नानांवर फुटलं. आता ते स्टोअरमध्ये नट-बोल्ट देतात. तिथेही सवयीने “परमिट हाय का?” विचारतात, तेव्हा पोरं म्हणतात, “नाना, तुमचंच गेलं की!”

परवा रविवारी मी न बोलावता त्यांच्याकडे गेले. मी असं कुणाकडे जात नाही. गॅसशेजारी कुकर होता, दांड्याला लाल पाटी. इतके दिवस मनात होतं ते विचारलं, “नाना, घरात तुम्ही एकटेच. मग ही पाटी कुणासाठी?”

त्यांनी दांड्यावरची पाटी सरळ केली.

“कुनी आलंच तर, ताई. घाईघाईत उघडायला जायचं.”

आम्ही दोघं वाफ जायची वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने त्यांनी चमच्याने शिट्टी उचलली, कान देऊन ऐकलं, पाटी काढून खिळ्याला लावली आणि कुकर माझ्याकडे सरकवला.

“उघडा आता. परमिट हाय.”