मोरितासानांचं दार

आमचा ओजस रडायला लागला की समोरच्या मोरितासानांचं दार उघडतं. ओजस आठ महिन्यांचा, आवाज मात्र तालमीतल्या पैलवानाचा. त्याने सूर लावला की समोर कडी वाजते आणि मोरितासान पांढऱ्या मोज्यांवर उंबऱ्यात येऊन उभे राहतात, मान जराशी कलती करून. बोलत काही नाहीत. रडणं थांबलं की आमच्या बंद दाराला वाकून नमस्कार करतात आणि आत जातात. हे सगळं मी दाराच्या भिंगातून पाहिलेलं आहे.

जपानीत नावापुढे ‘सान’ लावतात, आपण ‘राव’ लावतो तसं. हे मोरिताराव साठी उलटलेले, माझ्याच गॅस प्रकल्पावर, पण हुद्द्याने माझ्यापेक्षा बरेच वर. चालत्या कॉम्प्रेसरपाशी मान कलती करून उभे राहतात आणि कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगतात. दोहातल्या फरीज बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये एकटेच असतात. लिफ्टमध्ये भेटले की वाकतात. आपण वाकलो की ते आणखी वाकतात. एकदा या भानगडीत लिफ्ट आम्हाला पार्किंगमधून पुन्हा चौथ्या मजल्यावर घेऊन आली.

अरबीतला एकच शब्द त्यांनी उचललाय, तो म्हणजे खलास. बाकी कारभार तुटक इंग्रजी आणि साइटवरच्या हिंदीवर. कॅन्टीनमध्ये मी एकदा घरची चौकशी केली.

“वाइफ, मेरी मदर के साथ. मदर नाइन्टी-थ्री. डॉटर टोकियो. शादी नो, बेबी नो. कॅट, येस.”

“आणि गाव?”

“स्कूल खलास. बस खलास. डेन्टिस्ट खलास.” एवढं बोलून हसले आणि डाळभात खायला लागले.

जपानी माणूस म्हणजे शांतताप्रिय, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझी बायको मृणाल म्हणाली, “अरे, सिनियर आहेत ते तुला. उद्या अप्रेझलला नडले म्हणजे?”

झालं, बंदोबस्त सुरू झाला. दाराच्या फटीत टॉवेल गेला, खुळखुळा जप्त झाला. ओजसचा ओठ थरथरला की मृणाल त्याला बाथरूममध्ये न्यायची आणि नळ सोडायची. मी भिंगातून पाहायचो, तर मोरितासान कान पुढे करून उभे. “अजून ऐकू जातंय वाटतं,” म्हणून ती नळ आणखी सोडायची.

शेवटी मी चिवड्याचा डबा घेऊन माफी मागायला गेलो. मी सॉरी म्हटलं, त्यांनी माझ्याहून जास्त वेळा म्हटलं. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे त्यांच्याकडेही असावं. डबा आला तो दात येणाऱ्या बाळांच्या बिस्किटांनी भरून.

“बघ,” मृणाल म्हणाली, “तोंड बंद करायलाच दिलीत.”

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

जून लागला, दोहात दाराची कडीही भाजायला लागली, तशी मृणाल ओजसला घेऊन नाशिकला गेली. दर उन्हाळ्यात इथल्या बिल्डिंगी अशाच ओस पडतात. मागे उरतात नवरे आणि एसी.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर मोरितासान उंबऱ्यात उभे होते.

“बेबी खलास?” या वेळी ते हसले नाहीत.

“नो, नो! इंडिया. सप्टेंबरमध्ये कमिंग, इन्शाल्ला.” मग धीर करून म्हटलं, “आता तुम्हाला शांतता.”

“शांती?” ते गोंधळले. मग सावकाश बोलायला लागले. “माय व्हिलेज, फाइव्ह ओ’क्लॉक, स्पीकर में म्यूझिक. चिल्ड्रन, गो होम. चिल्ड्रन खलास. म्यूझिक स्टिल, एव्हरी डे.” पुढे म्हणाले, “माय डॉटर बेबी थी, मैं साइट पे. रोना नहीं सुना. इधर सुना. व्हेरी गुड रोना.”

हा माणूस दोन महिने ज्यासाठी दार उघडत होता, त्यावर आम्ही नळ सोडत होतो. फार वाईट वाटलं मला.

“सप्टेंबर,” ते म्हणाले. “मैं, ऑगस्ट. कॉन्ट्रॅक्ट खलास. गो होम.” वाकले आणि आत गेले.

त्या शुक्रवारी मृणालचा व्हिडिओ कॉल आला. आजीने टोपडं चढवलं म्हणून ओजसने मोबाइलमधून जोरदार भोकाड पसरलं आणि समोर कडी वाजली. मी उठलो, आमचं दार सताड उघडलं, फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि हात पुढे करून उभा राहिलो. मोरितासान पांढऱ्या मोज्यांवर उंबऱ्यात होते, मान कलती, डोळे मिटलेले.

“अरे, काय करतोयस? कमी कर आवाज!” मृणाल तिकडून ओरडली. “थांब, मी घेते त्याला.”

“घेऊ नकोस,” मी म्हटलं. “रडू दे जरा.”