उपाशीपोटी

साळवेबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी कोपराच्या खोबणीतली शीर बघत. "शीर झकास आहे हो तुमची!" हे त्यांच्याकडचं सर्वांत मोठं कौतुक. सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. नाशिकला आमच्या कॉलनीत त्या शेजारी एकट्या राहत आणि एका लॅबमध्ये रक्त तपासत. पण आजारी माणसांत त्यांना रस नव्हता. "आजाऱ्याचं काय, कोणीही सांगेल. मला धडधाकट माणूस द्या!"

बाईंच्या डोक्यात एकच किडा : अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन. ठणठणीत माणसात ते आणि साखर जोडीनं वर सरकतात का? सरकत असतील तर मधुमेहाची चाहूल आधीच लागेल, असा त्यांचा हिशेब. त्यासाठी लोकांचे आकडे टिपायला एक वही ठेवलेली. कुणाकडे जेवायला बोलावलं तरी पर्समधून शिंप्याची टेप काढून यजमानांची कंबर मोजायच्या. त्या येताना दिसल्या की अर्धी कॉलनी शर्टाच्या बाह्या खाली ओढी.

मी सापडलो. "उद्या उपाशीपोटी या, भाऊ. चहासुद्धा नको." मी हो म्हणालो आणि सकाळी लॅबच्या वाटेत मिसळ हाणली, वर जिलबी. बाईंनी विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "सकाळपासून काही नाही."

संध्याकाळी त्या धापा टाकत दारात. "भाऊ, अल्ब्युमिन वर, साखरही वर! घाबरू नका, मी आहे ना."

झालं! रोज सकाळी कारल्याचा रस घेऊन हजर. पेला रिकामा होईपर्यंत हलायच्या नाहीत. खरं सांगायची लाज वाटली, म्हणून दोन महिने ते जहर मुकाट प्यायलो. मग पुन्हा रक्त दिलं, या वेळी खरोखर उपाशी. साखर अगदी व्यवस्थित आली. येणारच होती.

बाई वही छातीशी धरून आमच्या ओट्यावर बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, आनंदानं.

"आमचे हे कधी शिंकलेसुद्धा नाहीत हो. म्हणून त्यांना कधी सुई लावली नाही. साखरेनं गेले तेव्हा कळलं. इतकी वर्षं मनाला समजावत होते, आधी कळून तरी काय झालं असतं? आज तुमच्यावरून कळलं. वाचले असते, भाऊ. मीच तपासलं नाही."

बाई, मी त्या दिवशी खाऊन आलो होतो, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "पाणी आणू का?"

पुढे सहा वर्षं त्या शेजारी होत्या. रोज ठरवायचो, आज सांगू. भित्रा मी, नाही सांगितलं. बाई गेल्या त्या स्वतःला दोषी धरूनच.