बिजागरीला व्हिटॅमिन

"काय सांगता!" म्हणत बायको फोन हातात धरूनच मटकन खाली बसली. निवृत्त वजनमाप निरीक्षकांनी पेपर बाजूला ठेवला.

"अहो, तुमच्या रक्तात व्हिटॅमिन डी पाचपट निघालंय! डॉक्टर म्हणतात, किडनीला धोका आहे. आजच्या आज ॲडमिट व्हा, सलाईन लावायचंय!"

निरीक्षकांच्या पायाखालची जमीनच सरकली. गेले तीन महिने व्हिटॅमिनच्या औषधाचा एक थेंबही त्यांच्या पोटात गेला नव्हता.

बायको रोज जेवण झालं की चमच्यात दहा थेंब मोजून त्यांच्या हाती द्यायची आणि झोपायला आत जायची. पण जाताना बजावायची, "उन्हात बाहेर पडायचं नाही हं!" दार उघडलं की असं कुरकुरायचं की तिची झोपच मोडावी. आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या बाकावर बुद्धिबळाचा पट तर मांडलेला! शेवटी निरीक्षकांनी ते तेलकट औषध बोटाने बिजागरीला चोळायला सुरुवात केली. दार गप्प झालं.

गेल्या आठवड्यात ते असेच बिजागरीशी असताना बायको अचानक बाहेर आली. "व्हिटॅमिनच्या तपासणीचं रक्ताचं कार्ड लॅबला पोस्टाने पाठवायचं राहिलंय. हात धुतले ना?"

"हो तर!" निरीक्षक दचकून म्हणाले. तिने त्यांच्या बोटाला सुई टोचून कार्डावरच्या गोलांत थेंब भरले, मग स्वतःच्या बोटाचेही थेंब दुसऱ्या कार्डावर घेतले. दोन्ही कार्डं वाळवून पाकिटात घातली.

आता दवाखान्यात सलाईनची बाटली समोर टांगलेली. "माझंच चुकलं," बायको रडत होती, "थेंब मोजताना हात सैल सुटला असणार माझा!" तिचं रडणं त्यांना बघवेना.

"तुझं काही चुकलं नाही," ते पुटपुटले. "बोटाला औषध होतं. तेच रक्तात मिसळलं." मग बिजागरीचीही कबुली दिली.

बायकोचे डोळे विस्फारले. "तीन महिने? सगळं औषध दाराला?" रक्त घ्यायला आलेली लॅबवाली तर बघतच राहिली. पारड्याखाली चुंबक लावणाऱ्यांना तीस वर्षं पकडणारा माणूस, आणि स्वतःच्याच मापात खोट! लॅबवालीने त्यांचे हात साबणाने दोनदा धुऊन घेतले, पहिला थेंब पुसून टाकला आणि नव्याने रक्त घेतलं.

रिपोर्ट अगदी नॉर्मल आला. "औषधाशिवाय?" डॉक्टर चाट पडले.

"रोज दोन तास उन्हात... बुद्धिबळ," निरीक्षक मान खाली घालून म्हणाले.

"उत्तम! चालू ठेवा. बाईंच्या कार्डावर मात्र व्हिटॅमिन फारच कमी निघालंय. त्यांना रोज दहा थेंब."

निरीक्षकांची छाती फुगली. दुसऱ्या दिवसापासून जेवण झालं की ते दहा थेंब काटेकोर मोजून बायकोच्या हाती चमचा ठेवू लागले आणि ताठ मानेने पटावर जाऊ लागले.

पंधरा दिवसांनी त्यांचा डाव लवकर आटोपला. घरी आले तर बायको झोपलेली नव्हती, शिवणयंत्रावर बसली होती. वर्षभर खडखडणारं ते यंत्र आता लोण्यासारखं फिरत होतं.